स्वभावाचा अहवाल आधी पिंजऱ्यात उभा करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एखादा गाजलेला गुन्हा घडला की चार-आठ दिवसांत पहिल्या पानावर बातमी ठरलेली: आरोपीची मानसशास्त्रीय चाचणी होणार. मग ती झाल्याची बातमी, आणि मागोमाग तिच्यात काय 'निघालं' त्याची. कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयातल्या डॉक्टर तरुणीच्या खुनानंतर, ऑगस्ट २०२४ मध्ये, आरोपीची वृत्ती जनावरासारखी असल्याचं तपास यंत्रणेच्या तज्ज्ञांच्या हवाल्यानं देशभर छापून आलं. वाचणाऱ्याच्या मनात निकाल तिथेच लागला. न्यायालयानं त्याला जानेवारी २०२५ मध्ये जन्मठेप दिली ती डीएनए, सीसीटीव्ही असल्या पुराव्यावर. वृत्ती कशीही असो, तो त्या रात्री त्या इमारतीत होता की नव्हता, हे कॅमेऱ्यानं सांगितलं.

मी नागपूरच्या न्यायालयांत लघुलेखक होते. उभी नोकरी सिव्हिल लाइन्समध्ये गेली. आधी फौजदारी, मग दिवाणी, शेवटची काही वर्षं कौटुंबिक. न्यायाधीश साहेब सांगत, मी टंकत असे. गाजलेल्या खटल्यांची मला फारशी काळजी नाही. तिथे दोन्हीकडे नावाजलेले वकील असतात, वर उच्च न्यायालय असतं, बाहेर तुमचे वार्ताहर असतात. पत्र लिहायला बसले ते बंद दाराआड चालणाऱ्या कौटुंबिक खटल्यांसाठी. व्यक्तिमत्त्व चाचणीचा अहवाल तिथे आता कसा अलगद आत येतो, त्याबद्दल.

आमच्या मानेवाड्याच्या गल्लीत मी कोर्टात होते हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळे समन्स आलं, नोटीस आली, की लोक कागद घेऊन येतात. अशीच एक बाई आली. (तिला विचारून लिहिते आहे, आणि ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलले आहेत.) मुलगी लहान, नवऱ्याशी पटेना म्हणून माहेरी आलेली, ताब्यासाठी अर्ज चालू. नवऱ्याच्या वकिलांनी कागदपत्रांच्या यादीसोबत एक अहवाल जोडला होता. दोघं नांदत असताना समजुतीसाठी शहरातल्या एका खासगी समुपदेशन केंद्रात गेले होते. तिथे दोघांकडून होय-नाहीची लांबलचक प्रश्नपत्रिका भरून घेतली. 'संसार सावरायला मदत होईल' म्हणून हिनं भरली. आता हिचा अहवाल कोर्टात आलाय. नवऱ्याचा कुठे आहे, विचारू नका.

अहवालातली वाक्यं गुळगुळीत होती. 'संशयी विचारांकडे कल.' 'झोपेच्या तक्रारी, नैराश्याकडे झुकणारी मनःस्थिती.' 'स्वतःची प्रतिमा चांगली दाखवण्याचा प्रयत्न.' आणि शेवटी, जाड ठशात, 'पालकत्वाची जबाबदारी पेलण्याच्या क्षमतेवर परिणाम संभवतो.' मी तिला विचारलं, संशयाचा असा कोणता प्रश्न होता गं, आठवतो? म्हणाली, "काकू, कोणी आपल्यावर पाळत ठेवते असं वाटते का, असं काहीतरी होतं. मी हाव लिहिलं. माह्या मोबाइलमध्ये लोकेशन चालू करून ठेवलं होतं त्यांनी. नणंद रोज मेसेज वाचे. मग नाही काहून लिहू?" झोपेचं विचारलं तर हसली. इंजिनिअरिंगच्या पोरांचे डबे करते ती, पहाटे चारला कणीक मळायला उठते, आणि मुलगी तेव्हा दीड वर्षाची होती.

म्हणजे दोन्ही उत्तरं खरी. खरी उत्तरं दिली म्हणूनच ती अहवालात संशयी आणि नैराश्यग्रस्त ठरली. प्रश्नपत्रिकेला कारण विचारता येत नाही. ते विचारायला माणूस लागतो, आणि त्या माणसाला प्रश्न विचारायला न्यायालय.

या चाचण्या टाकाऊ आहेत असं मी म्हणत नाही. त्या कशासाठी केल्या आणि कशासाठी वापरल्या जातात, यात अंतर आहे. सगळ्यांत जास्त वापरली जाणारी एमएमपीआय, म्हणजे मिनेसोटा मल्टिफेजिक पर्सनॅलिटी इन्व्हेंटरी. स्टार्क हॅथवे हे मानसशास्त्रज्ञ आणि जे. सी. मॅकिन्ली हे डॉक्टर, दोघांनी मिनेसोटा विद्यापीठाच्या रुग्णालयात ती तयार केली, १९४० च्या दशकात. काम होतं आलेल्या मनोरुग्णांचं निदान सोपं करण्याचं. तुलनेला 'धडधाकट' माणसं कुठून आणली? बरीचशी त्याच रुग्णालयात आपल्या माणसाला भेटायला आलेली मंडळी होती. १९८९ मध्ये ती सुधारली. होय-नाही उत्तरायची वाक्यं ५६७ झाली आणि तुलनेसाठी अमेरिकेतली २,६०० माणसं घेतली. तुमच्या उत्तरांचे गुण या मंडळींच्या सरासरीशी लावून बघतात. सरासरी ५० धरायची, ६५ ओलांडले की 'वाढलेलं' म्हणायचं. अशा मुख्य पट्ट्या, म्हणजे नैराश्य, संशय असं एकेक मोजायची मापं, दहा. त्यातली एखादी ओलांडणं, घरात भांडण आणि दारात कोर्टाचा बेलिफ असलेल्या कोणालाही अवघड नाही.

त्यातच उत्तर देणारा खोटं बोलतोय का हे बघणाऱ्याही पट्ट्या असतात. कल्पना चांगली आहे. पण मूल मिळावं म्हणून चाचणीला बसलेली आई आपण बऱ्या आहोत असंच दाखवणार ना? बाप तरी काय वेगळं करील? ताब्याच्या भांडणातल्या पालकांचे हे गुण चढे येतात, ही गोष्ट चाचणी घेणाऱ्यांनाही नवी नाही. मग ते अहवालात 'प्रतिमा चांगली दाखवण्याचा प्रयत्न' होऊन का उतरतं?

दुसरी चाचणी शाईच्या डागांची. हर्मन रोर्शाक या स्विस डॉक्टरनं १९२१ मध्ये दहा कार्डांचा संच प्रसिद्ध केला आणि पुढच्याच वर्षी तो वारला. डागात काय दिसतं ते सांगायचं. पुढे बसवलेल्या गुणांकनात चांगल्या ठणठणीत माणसांचीही गणना बिघडलेल्यांत होते, हा आक्षेप अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनीच घेतलेला आहे. यावर जास्त लिहीत नाही. वटवाघूळ दिसलं की फुलपाखरू, यावरून पोरीची शाळा कोणत्या गावात हे ठरू नये, एवढं कोणालाही पटेल.

अहवाल वाचताना मात्र न्यायाधीशांपासून पक्षकारापर्यंत सगळ्यांना वाटतं, अरे, हे तर बरोबर लिहिलंय! १९४८ मध्ये बर्ट्रम फोरर या अमेरिकी प्राध्यापकानं आपल्या ३९ विद्यार्थ्यांना व्यक्तिमत्त्व चाचणी दिली आणि नंतर प्रत्येकाला त्याचं वर्णन दिलं. किती जुळतं, पाचपैकी गुण द्या म्हणाला. सरासरी पडली ४.२६. वर्णन सगळ्यांना एकच होतं, आणि फोररनं त्यातली वाक्यं ज्योतिषाच्या एका बाजारी पुस्तकातून उचलली होती. संपादक महाशय, आपल्या रविवारच्या पुरवणीतलं राशिभविष्य याच हिशेबानं चालतं. राग मानू नका, मीही वाचते. पण ते कोणी पुरावा म्हणून निशाणी क्रमांक घालून मिसलीत, म्हणजे खटल्याच्या फायलीत, लावत नाही.

आता कायद्याचं. फौजदारी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ५ मे २०१० रोजी सेल्वी विरुद्ध कर्नाटक या निकालात नार्को (औषध देऊन बोलतं करणं), पॉलिग्राफ (खोटं पकडायचं यंत्र) आणि ब्रेन मॅपिंग (मेंदूच्या लहरी टिपणं) या चाचण्या माणसाच्या संमतीशिवाय करायला बंदी केली. माणसाच्या डोक्यातलं जबरदस्तीनं काढून घेणं म्हणजे त्यालाच स्वतःविरुद्ध साक्षीदार करणं, राज्यघटनेच्या कलम २०(३) च्या विरुद्ध. त्याआधी दोनच वर्षं, २००८ मध्ये, आपल्याच राज्यात पुण्याच्या सत्र न्यायालयानं खुनाच्या खटल्यात मेंदूच्या लहरींच्या चाचणीचा आधार घेऊन शिक्षा दिली होती. तेव्हा जगभरच्या शास्त्रज्ञांनी तोंडात बोटं घातली. मला विचाराल तर होय-नाहीच्या खुणा हे माणसाचं बोलणंच आहे. पण २०(३) चं कवच आरोपीला आहे. नवरा-बायकोच्या खटल्यात कोणी आरोपी नसतो, म्हणून कवचही नाही. उलट शारदा विरुद्ध धरमपाल या २००३ च्या निकालानं वैवाहिक खटल्यात वैद्यकीय तपासणीचा आदेश देता येतो, आणि पक्षकारानं नकार दिला तर त्यावरून त्याच्याविरुद्ध अनुमानही काढता येतं. सबळ प्राथमिक पुरावा असेल तरच आदेश द्या, असं त्याच निकालात बजावलं आहे. खालच्या कोर्टात अनुमानाचा भाग सगळ्यांना पाठ असतो, बजावलेला भाग वकिलाला वाचून दाखवावा लागतो.

आणि कुटुंब न्यायालय अधिनियम, १९८४ चं कलम १४. मी नोकरीत असताना या कलमाचा उच्चार रोज ऐकला. पुरावा कायद्याप्रमाणे जे दाखल करून घेता येणार नाही, असाही अहवाल किंवा कागद न्यायालयाला उपयोगी वाटला तर घेता येतो. हेतू निर्मळ होता. बायाबापड्यांनी तांत्रिक मुद्द्यांवर अडू नये, चिठ्ठ्या, पावत्या, शेजारणीचं पत्र, सगळं पुढे ठेवता यावं. त्याच कलमाच्या मागे कलम १५ आहे: साक्ष शब्दशः टिपायची सक्ती नाही, सारांश पुरे. कलम १३ प्रमाणे वकील लावणं हा पक्षकाराचा हक्क नाही, परवानगीचा प्रश्न आहे. ही तीन कलमं शेजारी ठेवा. शेजारणीच्या पत्रासाठी उघडलेल्या दारातून आलेख आणि आकडे घेऊन छापील अहवाल येतो. तो लिहिणाऱ्याला बोलावलं नाही तरी चालतं, बोलावलं तर त्याची साक्ष दोन परिच्छेदांत आटपते, आणि समोर डबे करणारी बाई एकटी उभी असू शकते.

उलटतपासणी झाली तर काय होतं, तेही मी टंकलेलं आहे. कोणता खटला ते सांगणार नाही. एका वयस्क वकिलांनी तज्ज्ञाला फार साधे प्रश्न विचारले. आवाजही चढवला नाही. कागदावर उतरलं ते असं: हे म्हणणे खरे आहे की, सदर चाचणी माझ्या सहायकाने घेतली. हे म्हणणे खरे आहे की, सदर स्त्रीस मी प्रत्यक्ष भेटलो नाही. हे म्हणणे खरे आहे की, अहवालातील मजकूर संगणकाने तयार केलेला आहे. हे म्हणणे खरे नाही की, मी तो न वाचता सही केली. शेवटचं वाक्य टंकताना साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं होतं. त्या दिवशी अहवालाचं वजन कागदाइतकंच उरलं. वकील नसते, किंवा त्यांनी 'दाखल करण्यास हरकत नाही' अशी पुरसीस, म्हणजे लेखी निवेदन, दिली असती, तर तोच कागद निकालपत्राच्या मधोमध बसला असता.

खरं म्हणजे पुरावा कायदा याबाबत फार जुना आणि फार शहाणा आहे. १८७२ च्या कायद्यात कलम ५२ ते ५५ चारित्र्यावर होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ती कलम ४६ ते ५० मध्ये आहेत. मोजके अपवाद सोडले तर नियम असा की, माणूस मुळात कसा आहे यावरून त्यानं अमुक एक केलं असेल असं म्हणता येत नाही. आरोपीनं स्वतः आपण सज्जन असल्याचा पुरावा दिला नाही तोवर सरकार पक्षाला तो दुर्जन असल्याचं सांगताही येत नाही. शेजारी येऊन 'ही बाई मुळातच संशयी हो' म्हणाला, तर कोणतेही वकील हरकत घेतील. तेच वाक्य तज्ज्ञाच्या लेटरहेडवर आलं की तज्ज्ञाचं मत, जुनं कलम ४५, आताचं ३९. माझी मूळ तक्रार हीच आहे. जो स्वभाव पुढच्या दारानं आत येऊ शकत नव्हता, त्याला आम्ही मागचं दार उघडून दिलं.

अहवालाच्या बाजूचे लोक आणखी एक युक्ती करतात, ती फार कमी वकिलांच्या लक्षात येते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम १०५ प्रमाणे एका पक्षानं मानसिक आजाराचा पुरावा दिला आणि दुसऱ्यानं तो नाकारला, तर न्यायालयानं प्रकरण मानसिक आरोग्य मंडळाकडे छाननीला पाठवायचं आहे. पाठवता येईल असं नाही, पाठवायचंच आहे. त्याच कायद्याच्या कलम ३ मध्ये म्हटलंय की आजार आहे की नाही हे मान्यताप्राप्त वैद्यकीय निकषांवर ठरवा, चालीरीती पाळते की नाही यावर नको. आता ही युक्ती बघा. अहवालात 'आजार' हा शब्दच येऊ द्यायचा नाही. 'कल', 'झुकाव', 'वैशिष्ट्य' असं लिहायचं. आजार म्हटलं नाही म्हणून मंडळाकडे जायला नको, आणि युक्तिवादात मात्र तोंडभरून 'मानसिकदृष्ट्या अस्थिर' म्हणायचं. मंडळापुढे गेलं असतं तर किमान डॉक्टरांनी तपासलं असतं. सर्वोच्च न्यायालयानं १९८८ मध्येच, रामनारायण गुप्ता प्रकरणात, स्किझोफ्रेनियासारखं निदान असलं तरी नुसत्या नावावर घटस्फोट नाकारला. आजार इतका आहे का की जोडीदारानं सोबत राहावं अशी अपेक्षाच करता येऊ नये, हे दाखवा म्हणाले. निदानाच्या नावावर जे मिळत नाही, ते 'झुकावा'वर मिळावं?

आणि नागपुरात हे शिक्के कसे चिकटतात, ते तुम्हाला मी सांगायला नको. प्रादेशिक मनोरुग्णालय १८६४ पासूनचं, हजारो माणसं तिथून बरी होऊन घरी गेली. पण बाहेरच्या चौकाला ऑटोवाले अजून पागलखाना चौकच म्हणतात, आणि दोन आयांच्या भांडणात 'तिकडे नेऊन घाल' हे वाक्य हमखास येतं. अशा गावात मुलीच्या आईबद्दल असा कागद कोर्टात लागला की निकाल काहीही लागो, लग्नकार्यात त्याची चर्चा होते. कौटुंबिक खटले बंद दाराआड चालतात म्हणतात. कॉरिडॉरला कुठे दार असतं?

एका ठिकाणी मात्र अशी तपासणी हवीच, असं माझं मत आहे. आपल्या मध्यवर्ती कारागृहात फाशी यार्ड आहे. याकूब मेमनला ३० जुलै २०१५ रोजी इथेच फाशी दिली. अशा शिक्षेच्या आधी माणूस कुठून आला, त्याचं लहानपण कसं गेलं, तो सुधारू शकतो का, हे बघायला हवं. मनोज विरुद्ध मध्य प्रदेश या मे २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं आरोपीचं मानसिक मूल्यमापन सत्र न्यायालयापुढेच ठेवण्याची जबाबदारी सरकारवर टाकली. शिवाय त्याचं घर, शिक्षण, तुरुंगातलं वागणं, अशा बऱ्याच गोष्टींची माहितीही मागितली. तिथे गुन्हा आधीच सिद्ध झालेला असतो. प्रश्न शिक्षेचा असतो, आणि चाचणी त्या माहितीतला एक कागद असते. कोणी म्हणेल, फाशीच्या कैद्याला चालते आणि आईला का नाही? कैद्याच्या बाबतीत ती जीव वाचवण्यासाठी, इतर दहा गोष्टींच्या सोबत येते. आईच्या बाबतीत ती इतर गोष्टी बघायच्या टाळता याव्यात म्हणून येते. मुलगी शाळेत वेळेवर जाते का, लसी झाल्यात का, रात्री कोणाजवळ झोपते, ताप आला तर डॉक्टरकडे कोण नेतं, हे न्यायालयाच्या विवाह समुपदेशकाला घरी जाऊन दोन तासांत कळतं.

माझं मागणं फार नाही. व्यक्तिमत्त्व चाचणीचा अहवाल दाखल झाला की तो लिहिणारा पिंजऱ्यात आलाच पाहिजे, आणि त्याची उलटतपासणी शब्दशः टिपली जावी, मग कलम १५ काहीही म्हणो. मूळ उत्तरपत्रिका दुसऱ्या पक्षाच्या तज्ज्ञाला मिळावी. चाचणीचे प्रश्न फुटतील म्हणून ती देत नाही, असं केंद्रं सांगतात. ठीक आहे, पक्षकाराला देऊ नका, एका तज्ज्ञाकडून दुसऱ्याला बंद लिफाफ्यात द्या. गुण कोणत्या लोकांशी ताडून काढले, ते पहिल्या पानावर लिहा. समुपदेशनासाठी भरलेला कागद तर मुळीच घेऊ नका. गोपनीयतेची हमी २०१७ च्या कायद्याच्या कलम २३ मध्ये आहे, आणि उद्या लोक समुपदेशकापुढे तोंड उघडेनासे झाले तर संसार सावरायचे कसे? जिल्हा विधी सेवा प्राधिकरण स्त्रियांना उत्पन्न न बघता मोफत वकील देतं. त्यात विरुद्ध बाजूच्या तज्ज्ञाची फी धरता येईल का, हे आपल्या शहरातल्या वकील संघटनेनं विचारून बघावं.

गल्लीतल्या त्या बाईला वकील मिळाले आहेत. त्यांनी केंद्राच्या तज्ज्ञाला साक्षीदार समन्स काढण्याचा अर्ज दिला आहे, आणि नवऱ्याचा अहवालही हजर करा असा दुसरा. दोन्हींवर म्हणणे दाखल करायला समोरच्यांनी मुदत मागितली, ती मिळाली. पुढची तारीख दिवाळीच्या सुट्टीनंतरची आहे.

आपली,
एक निवृत्त लघुलेखक
मानेवाडा, नागपूर